चौथ्या मजल्यावर दोन ससे, आणि उन्हाळा तोंडावर आलाय

चौथा मजला, नागपूर

नमस्कार मंडळी. शेजारच्यांची बदली झाली आणि जाताना त्यांनी दोन ससे आमच्या पाचवीतल्या पोरीच्या हातात ठेवले. मी ऑफिसात होते. घरी आले तर सोफ्याखाली चार लांब कान आणि देवघराच्या दारात पाट आडवा लावून बसलेल्या सासूबाई. सामानाचा ट्रक निघून गेलेला, परत द्यायचे कोणाला? आता पोरीने नावंही ठेवलीत. पांढरी लाल डोळ्यांची ती चिकू, राखाडी ती चेरी. दोघी बहिणी आहेत, सात-आठ महिन्यांच्या आहेत, असं सांगून गेलेत.

सोबत लोखंडी जाळीचा पिंजरा मिळालाय. त्याचा तळही जाळीचाच. रात्री दोघी ती जाळी दातांनी वाजवतात. झोप लागत नाही म्हणून हॉलमध्ये सोडलं तर वायफायची वायर गेली, पोरीच्या दप्तराचा पट्टा गेला आणि सोफ्याचा एक कोपरा आतून बाहेर आला. फरशी गुळगुळीत आहे, त्यावर धावताना मागचे पाय फाकतात. लेंड्या तर विचारू नका. सासूबाई झाडू खाली ठेवतच नाहीत.

परवा पांढऱ्या फरशीवर लालभडक लघवी दिसली. मला घाम फुटला. दुसऱ्या दिवशी परत साधी, पिवळट. आणि सकाळी सकाळी चिकू वाकून स्वतःच्याच बुडाखालून काहीतरी खाते. पोरगी ओरडली, ‘आई, ती शी खातेय!’ हा रोग आहे की सवय?

सगळ्यात मोठी काळजी उन्हाची. आमच्या वर थेट गच्ची आहे. मे महिन्यात रात्री अकरालाही भिंती गरम लागतात. बाल्कनीत कूलरसमोर ठेवलं तर चालेल का? घरात ससे ठेवून ज्यांनी विदर्भातला उन्हाळा काढलाय, त्यांनी कृपया सांगा. ‘कोणाला तरी देऊन टाका’ हे सांगू नका. ते घरातल्यांनी सांगून झालंय.

रानातला माणूस, यवतमाळ

एवढं काय त्यात? आमच्या मामाकडे खुराड्यात दहा-बारा असायचे. गाजर, कोबी, शिळी पोळी, जे टाकाल ते खायचे. पांढरे ससे नाजूकच असतात, जास्त दिवस टिकत नाहीत. आमच्याकडे सोयाबीन सोंगताना रानसशाची पिल्लं सापडतात. ती कणखर. पाहिजे तर पुढच्या वेळी कळवतो.

निवृत्त वायरमन, अमरावती

यवतमाळवाल्या भाऊ, रानसशाचं तेवढं सोडा. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात तो संरक्षित आहे. धरणंही गुन्हा आणि घरात ठेवणंही गुन्हा. शिवाय तुम्हाला जे पिल्लू एकटं दिसते ते अनाथ नसते. रानसशाचं पोर जन्मतःच डोळे उघडे आणि अंगावर केस घेऊन येते. माय दिवसभर लांब राहते आणि अंधार पडला की येऊन पाजून जाते. होतं तिथंच राहू द्या. आणि मामाचे ससे टिकत नव्हते याचं कारण तुम्हीच सांगून टाकलं: शिळी पोळी.

आता ताई, तुमचं. मी महावितरणमध्ये वायरमन होतो. पोरगी पुण्याला नोकरीला गेली, ससा माझ्याकडे राहिला. त्याचं नाव फ्यूज. का ते तुम्हाला वायफायवरून समजलंच असेल.

म्हणून आधी वायरींचं सांगतो, कारण त्यात जीव जातो. चार्जरची बारीक वायर कुरतडली तर चार्जर जाते. कूलरची, फ्रिजची २३० व्होल्टची कुरतडली तर ससा जाते. ससा हे खोडीनं करत नाही. बिळात आडवी आलेली मुळं कापून वाट मोकळी ठेवायची ही त्याची जात, आणि त्याला तुमची वायर मूळच वाटते. घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाइन तोडणारा स्विच, असेल तर उत्तम, नसेल तर बसवून घ्या. पण त्याच्या भरवशावर झोपू नका. करंट जमिनीत गळला तरच तो पडते. सशानं फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकदम दाताखाली घेतल्या, तर करंट त्याच्या तोंडातूनच एका तारेतून दुसरीत जाईल आणि आरसीसीबीला पत्ताही लागणार नाही. उपाय साधा आहे. जमिनीपासून तीन फुटांपर्यंत एकही वायर लोंबती दिसू नये. जिथं वर घेता येत नाही तिथं पीव्हीसी केसिंग-कॅपिंग, म्हणजे वायर झाकायची प्लास्टिकची पट्टी मारा, किंवा लाइट फिटिंगचा फ्लेक्झिबल पाइप उभा चिरून वायर त्यात बसवा. फावला वेळ मिळाला तर ससा पीव्हीसीही कापते, म्हणून दर आठवड्याला खाली वाकून पाइपावर दातांचे डाग आहेत का ते पाहायचे. स्वयंपाकघराचं दार लावलेलं बरं. गॅसची नळी पण शेवटी नळीच.

पिंजरा भंगारात द्या, निदान त्याचा तळ तरी. सशाच्या पायाला कुत्र्या-मांजरासारखी गादी नसते, नुसते केस असतात. जाळीवर बसून तळवे सोलले की जखम महिनोन्‌महिने भरत नाही. कुत्र्यांसाठी मिळते ते घडीचं कुंपण आणा आणि हॉलचा एक कोपरा घेरून टाका. खाली जुनी सतरंजी किंवा गोधडी. फ्यूज ज्या गोधडीवर राहते ती माझ्या आईची आहे. चारी कोपरे खाल्ले, मधला भाग शाबूत आहे. सतरंजीचे दोरे खाताना दिसला तर मात्र ती काढून जाड सुती चादर घाला.

लेंड्यांचं म्हणाल, तर गवंड्याचं प्लास्टिकचं घमेलं आणा. तळाला रद्दी, तिच्यावर गवताचा थर, आणि खायचं गवत त्याच घमेल्याच्या एका कडेला ठेवा. ससा खाता खाताच बसते, दोन्ही कामं एकाच जागी उरकते. लघवी बहुतेक तिथंच होईल, लेंड्या चार-दोन इकडेतिकडे पडतील. त्या कोरड्या असतात, वास नसतो. एक ससा दिवसाला दोन-तीनशे लेंड्या टाकते, तेव्हा सासूबाईंना सांगा की हे ठरलेलं आहे. मांजराची माती वापरू नका, ती पोटात जाऊन घट्ट होते. आरागिरणीचा भुसाही नको, त्याची धूळ नाकात जाते. लघवीचे पांढरे डाग पांढऱ्या व्हिनेगरनं निघतात. आणि लेंड्या थेट कुंडीत टाकल्या तरी झाड जळत नाही. आमची तुळस आणि मोगरा पाहून शेजारची बाई खत कुठून आणता म्हणून विचारून गेली.

बुडाखालून खाते तो रोग नाही. सशाच्या पोटात दोन जातीचा माल तयार होतो. एक सुकी गोल लेंडी, आणि दुसरी मऊ, चिकट, वास असलेली. ही दुसरी तो बाहेर येताच तोंडात घेते. पहिल्या फेरीत जे जिरलं नाही ते तो असं दुसऱ्यांदा जिरवते. खाऊ द्या. उलट ती मऊ लेंडी न खाता तशीच पडून राहायला लागली, तर समजा खुराक भारी होऊन राहिला आहे.

मुख्य गोष्ट गवत, ताई. बाकी सगळं चुकलं तरी निभावते, गवत चुकलं तर नाही. सशाचे अठ्ठावीसही दात जन्मभर वाढत राहतात, पुढचे आठवड्याला जवळपास दोन मिलिमीटर. गवत चघळूनच ते झिजतात. आतडंही त्याच धाग्यावर चालते. सशाच्या अंगाएवढा गवताचा ढीग रोज समोर पाहिजे, रात्री जास्त. परदेशी टिमोथी गवत ऑनलाइन मिळते, पण पेन्शनीत बसत नाही. मी गवत फुलोऱ्यावर आलं की, पिवळं पडायच्या आधी शेतकऱ्याकडून मारवेलचा भारा घेतो, गच्चीवर सावलीत वाळवतो आणि सुती पोत्यात ठेवतो. हिरवी हराळी रोज थोडी. रस्त्याच्या कडेची नाही, तिथं कुत्री मुततात आणि धूर बसते. फवारणीच्या शेताच्या धुऱ्यावरचीही नाही. गाजरगवत एक काडीही राहायला नको. धानाच्या तणशीत काही दम नाही, ती नुसती अंथरायला. घोडाघास म्हणजे लसूणघास तुमच्या पोरींना आता बंद करा. सहा महिन्यांपर्यंत ठीक, नंतर त्यातलं कॅल्शियम लघवीत गाळ होऊन बसते. कोवळ्या ज्वारीचं विष ढोरालाही बाधते, तर या एवढ्याशा जिवाचं काय!

भाजीत सांबार, म्हणजे कोथिंबीर, पुदिना, मुळ्याचा पाला, गाजराचा पाला. गाजर स्वतः बोटाच्या पेराएवढं, तेही कधीतरी. कांदा, लसूण, बटाटा, बिस्कीट, पोळी, डाळ, काही नाही. पाणी बाटलीतून नको, मातीच्या जड परळात द्या, त्यातून जास्त पितात. मनीप्लांट, डिफनबेकिया, पानफुटी, कण्हेर यांच्या कुंड्या वर टांगा. चारही विषारी.

आता जे सांगतो ते घराच्या भिंतीवर लिहून ठेवा. रोज सकाळी दात घासायच्या आधी घमेलं पाहायचं. लेंड्या नेहमीएवढ्या आणि नेहमीच्या आकाराच्या आहेत, गवत कमी झालं आहे, म्हणजे ससा ठीक. लेंड्या बारीक झाल्या, केसांनी एकमेकींना बांधलेल्या निघाल्या, किंवा निघाल्याच नाहीत, तर काहीतरी बिघडलं. ससा दुखणं दाखवत नाही. कोपऱ्यात अंग आखडून बसते आणि आपल्याला वाटते झोपला. सशानं दहा-बारा तास काही खाल्लं नाही तर उद्या पाहू म्हणायचं नाही, त्याच रात्री डॉक्टर गाठायचा. त्याला उलटी होत नाही. आतडं थांबलं की गॅस धरते आणि खेळ आटोपते. फ्यूजला मी दिवसातून कितीदा पाहतो मला माहीत नाही, पण घमेलं पाहिल्याशिवाय चहा घेत नाही.

उन्हाळ्याचं रात्री लिहितो. आता भाजी आणायला चाललो.

पशुवैद्यकीय शिकतोय, शिरवळ

काकांनी बहुतेक सगळं सांगितलं. माझे तीन-चार मुद्दे, आणि पहिला सगळ्यात तातडीचा.

ताई, ‘दोघी बहिणी’ ही माहिती आजच्या आज तपासून घ्या. लहानपणी नर-मादी ओळखण्यात दुकानदारांचीही सर्रास गल्लत होते. सात-आठ महिन्यांच्या नराचे वृषण सहसा दिसतात, पण घाबरला की तो ते आत ओढतो, त्यामुळे घरी पाहून खात्री होत नाही. तपासणी होईपर्यंत दोघांना वेगळ्या खोलीत ठेवा. सशांमध्ये समागम झाला की त्यानंतर बीज सुटतं, त्यामुळे ‘माजावर नाही’ असा काही सुरक्षित काळ नसतो. गर्भ साधारण एकतीस दिवसांचा. व्यायलेली मादी त्याच दिवशी पुन्हा गाभण राहू शकते. मादी छातीचे केस उपटून गवतात घालायला लागली तर ते घरटं समजा. क्वचित गर्भ नसतानाही करतात. पिल्लं झालीच, तर ती उघडी आणि आंधळी असतात. आई दिवसातून एक-दोनदाच काही मिनिटं पाजते. तिने टाकली असं समजून बाटली घेऊन धावू नका.

दोन्ही माद्या निघाल्या तरी गर्भाशय काढण्याचा विचार करा. वय वाढेल तसं मादी सशांमध्ये गर्भाशयाच्या कर्करोगाचं प्रमाण फार मोठं असतं. ऑपरेशनच्या आधी माणसासारखं उपाशी ठेवायला कोणी सांगितलं, तर पुन्हा विचारा. सशाला उपाशी ठेवत नाहीत. तो ओकत नाही, आणि रिकाम्या आतड्यानं बिघाडच होतो. डॉक्टरांना सशाच्या भुलीचा अनुभव आहे का, हे स्पष्ट विचारायला लाजू नका. तुमच्या गावात सेमिनरी हिल्सला नागपूर पशुवैद्यकीय महाविद्यालय आहेच, तिथे दाखवता येईल.

लाल लघवीबद्दल. वनस्पतीतल्या रंगद्रव्यांमुळे सशाची लघवी पिवळी, केशरी, विटकरी, अगदी लाल होते आणि एक-दोन दिवसांत पूर्ववत होते. बीट किंवा भरपूर पाला खाल्ला असेल तर बहुतेक तेच. पण लघवी साधी आणि तिच्यात मध्येच लाल थेंब किंवा गुठळी, किंवा लघवीला बसून जोर लावणं, असं दिसलं तर नमुना डॉक्टरांकडे घेऊन जा. रक्त आहे का ते कागदी पट्टीवर लगेच कळतं.

औषधं. कुत्र्यांच्या पिसवा-गोचिडांसाठी मानेवर टाकतात ते फिप्रोनिलचं औषध सशाला कधीही नाही, जीव जातो. घरात उरलेलं अमॉक्सिसिलीन तोंडाने देऊ नका. आतड्यातले उपयोगी जिवाणू मरून ससा दगावतो. कानात खपल्या, नाकावर-पंजांवर पांढरे पापुद्रे दिसले तर ती खरूज. आपल्याकडे खूप दिसते आणि इंजेक्शनने बरी होते, पण मात्रा वजनावर ठरते. आंघोळ अजिबात नको. भीतीनेच सशाची तब्येत बिघडते. मळला असेल तर ओल्या फडक्याने तेवढाच भाग पुसा.

आणि मुलीला सांगा, कानाला धरून उचलायचं नाही. एक हात छातीखाली, दुसरा मागच्या पायांखाली. हवेत मागचे पाय झाडले तर त्याच झटक्याने सशाचा कणा मोडू शकतो. लहान मुलांनी जमिनीवर बसून खेळणं सगळ्यांत बरं.

खाडीकिनारी, ठाणे

विदर्भाचं मला माहीत नाही, पण कोणी कोकणपट्टीतून हे वाचत असेल तर आमचा त्रास उलटा आहे. इथे तापमान विदर्भाएवढं चढत नाही, मात्र हवा इतकी दमट की कूलर निव्वळ पाण्याचा डबा ठरतो. पंखा आणि दुपारी एसी, इतकंच. जुलैत वाळलेल्या गवताला बुरशी धरते. वरून दिसत नाही, नाक लावलं की कळतं. मी गवत थोडं थोडंच मागवते आणि तांदळाच्या कोठीत, कापडी पुरचुंडीत चुनकळी घालून ठेवते. पुरचुंडी कोठीच्या झाकणाला बांधलेली, गवताला लागू द्यायची नाही.

आमच्या सशीची रात्री तीनला मागचा पाय आपटायची सवय आहे. खालच्या मजल्यावरच्या आजोबांना वाटायचं आम्ही नारळ फोडतो. धोका वाटला की आपटतात, आणि मांजर, लिफ्टचा आवाज, नवीन केरसुणी, कशाचाही धोका वाटू शकतो. त्या कोपऱ्यात जाड गोधडी घातल्यावर तक्रार बंद झाली. आणखी एक, पहिल्यांदा पाहाल तर जीव उडेल म्हणून सांगते. चांगली बसलेली असताना धाडकन कुशीवर पडतात, डोळे अर्धवट, पाय ताणलेले. मेली नाही. ती खूश आहे.

चौथा मजला, नागपूर

चेरी नर निघाला.

कॉलेजात दाखवलं. तिथल्या मॅडमनी एका मिनिटात सांगितलं आणि माझ्याकडे बघून हसल्या. चिकू गाभण आहे असं आत्ता तरी वाटत नाही म्हणाल्या, पुन्हा बोलावलंय. चेरीचं ऑपरेशन ठरलंय. तोवर चिकू पोरीच्या खोलीत, चेरी हॉलमध्ये. दोघं दाराच्या फटीशी नाक लावून बसतात. फार वाईट वाटतं. लघवीत रक्त नाही. शेजाऱ्यांनी जाताना बीटची पिशवी पोरीच्या हातात दिली होती, हे मला आत्ता कळलं!

घमेल्याची युक्ती चाललीय. म्हणजे चेरीची चाललीय. चिकू घमेल्यात बसते आणि कडेवरून बाहेर करते. सासूबाईंनी लेंड्या तुळशीला घालायला सुरुवात केलीय, पण देवघराचा पाट अजून तसाच आहे. वायरमनकाका, उन्हाळ्याचं राहिलं. होळी झालीसुद्धा.

निवृत्त वायरमन, अमरावती

राहिलं खरं. लाइट गेली होती आमच्याकडे, आणि आता फोन करायची पद्धत आहे, खांबावर चढायची नाही.

पहिलं, चेरीच्या ऑपरेशननंतर लगेच दोघांना एकत्र सोडू नका. नरात महिना-दीड महिना बीज शिल्लक राहते. फटीतून नाकं लावू द्या, ते चांगलंच आहे. रोज एकाची चादर दुसऱ्याच्या खोलीत घाला, वास ओळखीचा राहते. नंतर भेट घालाल ती दोघांच्याही जागेत नको. तिसऱ्या खोलीत, थोडा वेळ, तुम्ही जवळ बसून. सशाची मारामारी दिसायला गंमत वाटते पण कातडं फाडतात. चिकूचं घमेलं उंच काठाचं घ्या आणि एका बाजूनं आत शिरायला खाच कापा. कापलेली कड पॉलिश पेपरनं घासून घ्या.

आता ऊन. बाल्कनी नाही. कूलर असो की नसो, बाल्कनी नाही. सशाला घाम येत नाही, कुत्र्यासारखं हाहा करूनही भागत नाही. जी काही उष्णता बाहेर जाते ती कानांतून. पंधरा ते वीस-बावीस डिग्रीत तो मजेत राहते, अठ्ठावीस-तीसच्या वर त्याचा जीव धोक्यात येते. आणि आपल्याकडे सावलीत पंचेचाळीस. तेव्हा घरातली सगळ्यात थंड खोली कोणती ते आधी शोधा. अंदाजानं नाही, साधा थर्मामीटर जमिनीवर ठेवून दुपारी चारला पाहा. वर गच्ची असल्यामुळे तुमच्याकडे स्लॅब रात्रभर ताप सोडत राहते. सोसायटीनं परवानगी दिली तर मार्चमध्येच गच्चीला चुन्याचा किंवा पांढऱ्या रंगाचा हात मारून घ्या. फरक हाताला कळते. पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून तट्ट्या. आतून पडदा लावला तर काच तापून ऊन आत आलेलंच असते.

कूलर आपल्या कोरड्या हवेत काम करते, पण त्याची हवा थेट अंगावर नको आणि खोलीची दुसरी खिडकी थोडी उघडी पाहिजे, नाहीतर नुसती दमट कोंडी होते. त्याच्या जिवावर खोली तीसच्या आसपास येईल. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या त्या नऊ तापत्या दिवसांत, तेवढ्यानं भागत नाही. तेव्हा दुपारी अकरा ते सहा एसी लावाच, सव्वीसवर ठेवा, बिल सोसा. पाऊस सुरू झाला की कूलर निरुपयोगी. जूनच्या शेवटी लोक निर्धास्त होतात आणि तेव्हाच ससे जातात.

लाइट गेली तर? एक लिटरच्या बाटल्या बर्फ करून फ्रीजरमध्ये ठेवा, जुन्या मोज्यात घालून सशाच्या शेजारी. तो स्वतः येऊन टेकते. एक कडप्प्याचा तुकडा आणा. दुकानात कापून उरलेले मिळतात. सकाळी थोडा पाण्यात ठेवा, पुसून गोधडीशेजारी मांडा. कानांना ओलं फडकं लावायचं, मागून, हळूच. भाजी धुऊन ओलीच द्या. पाण्याची परळं दोन ठेवा, एक सांडलं तरी दुसरं राहते. तोंड उघडून श्वास, लाळ, कान तापून लाल, मान टाकलेली, यांतलं काही दिसलं तर ओल्या टॉवेलात घ्या. बर्फाच्या पाण्यात बुडवायचं नाही, धक्का बसते. तसंच उचलून डॉक्टरकडे. त्यासाठी रिक्षावाल्याचा नंबर आणि टोपली आधीच तयार ठेवा.

उन्हाळ्यात केसही गळतात. मूठ मूठ निघतात, पंख्यावर बसतात, वरणात दिसतात. रोज संध्याकाळी ओल्या हातानं पाठीवरून फिरवा, निघालेले केस तुमच्या हाताला लागले म्हणजे त्याच्या पोटात गेले नाहीत. बुरडाकडून बिनरंगाची बांबूची टोपली आणून द्या. दिवसभर तिला कातरत बसते, सोफ्याचा जीव वाचते. ससा पहाटे आणि तिन्हीसांजेला जागा असते, दुपारी झोपते. पोरीला शाळेतून आल्या आल्या त्याच्या मागं लागू देऊ नका. दिवे लागल्यावर खाली बसली की तो आपणच येऊन पायाभोवती गोल फिरेल. हनुवटी घासली तर तिला आपल्या मालकीचं करून घेतलं समजायचं. सासूबाईंच्या पाटालाही एक दिवस घासेल. पाट काढायचा आग्रह करू नका, चांगली अडसर आहे ती, आत समईच्या वाती आणि उदबत्त्या असतात.

आणि ताई, कूलर सुरू करायच्या आधी कारागीर बोलावून अर्थिंग तपासून घ्या. दरवर्षी आपल्या भागात लोखंडी कूलरला हात लावून माणसं जातात. थ्री-पिन प्लग, पंपाची वायर जोड नसलेली, टाकीत पाणी भरताना बटण बंद आणि प्लग बाहेर. कूलरची वायर खिडकीच्या वरून घ्या, खालून नाही. खालून घेतली तर चेरीला सापडेल.